वजनाची शस्त्रक्रिया आणि बाळाची चाहूल



लग्नानंतर मुलीचं अंग जरा भरलं की आपल्याकडच्या आयाबाया म्हणत, "सासर मानवलं हो पोरीला!" अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची, असा तो हिशेब होता. आज तो हिशेब बदलला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभर भारतीय स्त्रियांमागे २४ जणींचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळलं. आणि त्याच पाहणीत शंभरांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. देह भरलेला, पण रक्त उणं, अशी आपल्या पुष्कळ बहिणींची अवस्था आहे. ही रक्ताची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

ज्यांचं वजन फारच वाढलेलं असतं, आणि त्यापायी मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असे विकार मागे लागलेले असतात, त्यांच्यासाठी आता वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतून होते. पुष्कळांना वाटतं, हिच्यात पोटाची चरबी कापून काढतात. तसं नाही. हिचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेलं जठर केळ्याएवढं, सदऱ्याच्या बाहीसारखं अरुंद ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराची अगदी लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न मधला रस्ता टाळून पुढे जातं, हे बायपास. हृदयाचं बायपास निराळं, हे निराळं. ही शस्त्रक्रिया १९६६ साली अमेरिकेत आयोवा इथं डॉ. मेसन आणि डॉ. इतो यांनी प्रथम केली. तिच्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, आणि आता ती बहुधा दुर्बिणीतून, पोटावर चारपाच बारीक छिद्रं पाडून होते.

आज मी शस्त्रक्रियेची माहिती सांगायला आलेली नाही. ती झाल्यावर थोड्याच महिन्यांत दिवस राहिले तर काय, हा माझा विषय आहे.

एका पावसाळ्यात एक सासू आणि सून माझ्याकडे आल्या. सून २९ वर्षांची. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. वजन १०८ किलो होतं. साडेपाच महिन्यांपूर्वी स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली आणि २७ किलो वजन उतरलं. दीड वर्ष थांबा, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हिला तर दोन महिने होऊन गेलेले! सून खाली मान घालून रडत होती. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, सहा वर्षं देवापुढं पदर पसरला तेव्हा काही झालं नाही. आता झालंय तर ही रडतेय. म्हणते, बाळ अधू होईल, पाडून टाकावं लागेल. आम्ही पेढे वाटायचे की डोळे पुसायचे, तुम्हीच सांगा."

भगिनींनो, त्या दिवशी त्या दोघींना जे सांगितलं, तेच आज आपल्याला सांगते.

पहिला प्रश्न असा की, सहा वर्षं न झालेलं चार महिन्यांत कसं झालं? वजन फार वाढलं की शरीरात इन्सुलिन वाढतं, आणि त्याच्या जोरानं बीजकोशांत पुरुषी स्वरूपाचे स्राव अधिक तयार होऊ लागतात. मग स्त्रीबीज पक्व होत नाही. पाळी दोनदोन, तीनतीन महिने लांबते. पीसीओएस हा शब्द आपण ऐकला असेल; तो हाच प्रकार. वजन उतरू लागलं की ही गुंतागुंत सुटू लागते. त्यासाठी सगळं वजन उतरावं लागत नाही. शंभर किलोच्या बाईचं पाचदहा किलो उतरलं तरी पुष्कळदा बीज पुन्हा सुटू लागतं. आणि एक गोष्ट फार जणींना ठाऊक नसते. आधी बीज सुटतं आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणून पाळी परत सुरू होण्याची वाट पाहत बसलेल्या बाईला पाळी न येताच दिवस राहू शकतात. "मला कुठं मूल होतंय!" असं म्हणून जी निर्धास्त राहते, तीच नेमकी या पेचात सापडते. आमच्या सूनबाईंचं हेच झालं होतं.

दुसरा प्रश्न, डॉक्टर थांबायला का सांगतात? बहुतेक ठिकाणी बारा ते अठरा महिने थांबा म्हणतात; काही डॉक्टर दोन वर्षं सांगतात. कारण साधं आहे. शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष म्हणजे शरीराच्या उपासाचं वर्ष. बाई एका वेळी चारपाच घास खाते. बाकीचं शरीर आपल्या साठ्यातून भागवतं. चरबीचा साठा मोठा असतो, पण लोह, ब१२, फोलिक आम्ल, ड जीवनसत्त्व यांचा साठा कुठं मोठा असतो? मघाशी सांगितलेले ५७ जणींचे रक्ताचे आकडे आठवा. त्यातून लोह अंगी लागायला जठरातलं आम्ल लागतं. ब१२ शोषलं जायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो. आणि जठरच लहान झालेलं असतं. बायपासमध्ये तर लोह आणि कॅल्शियम शोषणारा आतड्याचा पहिला भागच वाटेतून वगळलेला असतो. अशा वेळी घरात वाटेकरी आला, तर आईचं आणि बाळाचं दोघांचंही उणं पडण्याची भीती असते.

म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा नुकतीच झाली आहे, त्यांनी पाळणा लांबवण्याचा उपाय आधीच ठरवून ठेवावा. तोंडानं घ्यायच्या गोळीवर मात्र विसंबू नये. विशेषतः बायपासनंतर ती नीट शोषली जाईलच याचा भरवसा नसतो, आणि उलटी झाली तर गेलीच. तांबी हा उपाय इथं चांगला, कारण त्याचा पोटातल्या पचनाशी संबंध येत नाही. तीन महिन्यांच्या इंजेक्शनानं हाडांतला चुना कमी होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. आणि हे बोलणं शस्त्रक्रियेच्या आधी, नवराबायको दोघांनी मिळून करावं.

पण थांबायचं राहून गेलं आणि दिवस गेले, तर? सूनबाईंच्या रडण्याचं कारण हेच होतं. त्याचं उत्तर मी स्पष्ट देते. शस्त्रक्रियेनंतर लवकर दिवस राहिले, एवढ्याच कारणासाठी गर्भ पाडण्याची गरज नसते. लवकर राहिलेले आणि उशिरा राहिलेले दिवस यांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. काहींत फरक दिसला, काहींत दिसला नाही. लवकर राहिलेल्यांतही पुष्कळ जणींची बाळंतपणं सुखरूप झाली आहेत. जोखीम आहे, पण ती लक्ष ठेवून सांभाळता येण्यासारखी आहे.

एक आकडेवारी सांगते. स्वीडनमध्ये २००६ ते २०११ या काळातल्या बाळंतपणांच्या सरकारी नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया, आणि मूळ वजन तेवढंच पण शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रिया, अशी ती तुलना होती. गरोदरपणातला मधुमेह शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरी १.९ जणींना झाला, इतरांत ६.८ जणींना. प्रमाणापेक्षा मोठी बाळं पहिल्यांत ८.६, दुसऱ्यांत २२.४. इथपर्यंत शस्त्रक्रियेचा फायदाच आहे. पण दिवसांच्या मानानं लहान राहिलेली बाळं पहिल्यांत १५.६ आणि दुसऱ्यांत ७.६, म्हणजे दुप्पट. या आकड्यांचा अर्थ ध्यानात घ्या. मधुमेहाची धास्ती कमी होते, पण बाळाच्या वाढीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. आमची सगळी देखरेख याच धोरणानं चालते.

आता काय करायचं ते क्रमानं सांगते.

दिवस राहिल्याची शंका येताच तपासून घ्या, आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची हकीकत पहिल्याच दिवशी सांगा. रक्ताच्या तपासण्या नेहमीपेक्षा जास्त लागतात. हिमोग्लोबिन तर हवंच, पण लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, ब१२, फोलिक आम्ल, कॅल्शियम, ड आणि अ जीवनसत्त्व हेही पाहावं. आणि दर तीन महिन्यांच्या टप्प्याला पुन्हा पाहावं. फोलिक आम्ल सर्वांनाच द्यायचं असतं. पण वजन अजून पुष्कळ असेल किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टर त्याची मोठी मात्रा देतात. ब१२ची पुष्कळदा इंजेक्शनं द्यावी लागतात. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका. दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. गोळीनं रक्त चढत नसेल तर लोह शिरेतून देता येतं. त्याला भिण्याचं कारण नाही.

अ जीवनसत्त्वाबद्दल एक सावधगिरी सांगते. गाजर, पालक, भोपळा यांतून मिळणारं त्याचं रूप निर्धोक असतं. पण रेटिनॉल या रूपातलं जीवनसत्त्व गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सुरू केलेल्या गोळ्यांची बाटली डॉक्टरांना दाखवा. रक्त वाढावं म्हणून आपल्याकडे गरोदर बाईला कलेजी खाऊ घालतात. कलेजीत हे रेटिनॉल फार असतं, तेव्हा ती टाळलेली बरी.

खाण्याचं म्हणाल, तर सासूबाईंनी मला लगेच विचारलं, "दोन जिवांची आहे, दोघांचं जेवायला नको का?" मी म्हटलं, "अहो आजी, तिच्या पोटात एकाचंसुद्धा मावत नाही. दोघांचं कुठं ठेवणार?" दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खायचं, नीट चावून. जेवताना पाणी प्यायचं नाही. अर्ध्या तासाच्या अंतरानं घोटघोट प्यायचं. ताटातला पहिला घास प्रथिनांचा असू द्या. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल त्यांना अंडी, मासे, कोंबडी, असं दिवसभरात विभागून घ्या. भात मागं ठेवा. नाचणीत चुना भरपूर. तिची लहानशी भाकरी किंवा बिनसाखरेची आंबील चांगली. आणि या नऊ महिन्यांत चतुर्थी-एकादशीचे उपास नकोत. देव समजून घेतो. बाळाचं शरीर समजून घेत नाही.

अजून वजन उतरवायचं होतं, ते आता राहिलं, म्हणून कष्टी होऊ नका. गरोदरपणात वजन उतरवण्याचा प्रयत्न करायचा नसतो. वजन अजून खूप असलेल्या बाईनं नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलोंनी वाढावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. बाळंतपणानंतर राहिलेलं वजन पुन्हा उतरवता येतं.

गोड खाण्याचं मात्र जपा. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, साखर एकदम आतड्यात उतरते. मग छातीत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब, आणि थोड्या वेळानं रक्तातली साखर उतरून चक्कर, असा प्रकार होतो. डोहाळजेवणाला पाच बायका पाच वाट्या पुढं करतात. प्रेमानं का होईना, आग्रह करू नका. याच कारणासाठी एक तपासणीही बदलावी लागते. मधुमेह पाहण्यासाठी आपल्याकडे गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात. बायपास झालेल्या बाईला हे पाजू नये. स्लीव्ह झालेल्या बाईलाही ते सोसेलच असं नाही. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरीच ग्लुकोमीटरवर, जेवणाआधी आणि जेवणानंतर, साखर मोजून वहीत लिहावी. दवाखान्यात पेला पुढं आला तर सांगा, "माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, मला हे चालत नाही."

अठरा ते बावीस आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी सर्वांचीच होते. या मातांची त्यानंतरही, चोविसाव्या आठवड्यापासून साधारण दर महिन्याला, वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी करावी.

आता दोन धोक्याच्या खुणा सांगते. या मात्र घरातल्या सगळ्यांनी कान देऊन ऐकाव्यात.

पहिली खूण ओकाऱ्यांची. गरोदरपणात ओकाऱ्या होतातच म्हणून घरची मंडळी दुर्लक्ष करतात. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईला रोज ओकाऱ्या होऊन अन्न ठरेनासं झालं, तर ब१ हे जीवनसत्त्व दोनतीन आठवड्यांतच संपतं. शरीरात त्याचा साठाच अल्प असतो. ते संपलं की मेंदूला इजा होते. नजर स्थिर राहत नाही, दोन दोन दिसतं, चालताना झोक जातो, बोलण्यात गोंधळ होतो. जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी १८८१ साली हा विकार वर्णिला, तेव्हा त्यांच्या तीन रोग्यांतली एक सतत ओकाऱ्या होणारी स्त्रीच होती. आपल्याकडे ओकाऱ्या झाल्या की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावतात. त्या सलाईनमध्ये ग्लुकोज असेल, तर आधी ब१चं इंजेक्शन दिलं पाहिजे. नाहीतर उरलंसुरलं ब१ही ग्लुकोज खाऊन टाकतं. हे आपणहून डॉक्टरांना विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

दुसरी खूण पोटदुखीची, आणि ती विशेषतः बायपास झालेल्यांसाठी. गर्भाशय वर चढू लागलं की आतडी वर ढकलली जातात, आणि शस्त्रक्रियेनं आत राहिलेल्या फटीत एखादं वेटोळं अडकू शकतं. दुखणं वरच्या पोटात असतं, बरगड्यांखाली असतं, कधी येतं, कधी जातं. घरचे म्हणतात, गॅस झाला, ओवा द्या. बाळंतपणाच्या डॉक्टरांना वाटतं, कळा असतील. तिकडे आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. अशा वेळी तास मोजावे लागतात. जिथं ही शस्त्रक्रिया जाणणारे सर्जन आहेत, अशा मोठ्या रुग्णालयात लगोलग जावं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण मुद्दाम दिलं, ती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी शहरातून गावी जाते. शस्त्रक्रिया झाल्याचं पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातेवाइकांना, कधी कधी तर माहेरच्यांनाही सांगितलेलं नसतं. लोक काय म्हणतील, ही लाज. पोटावरचे व्रण इतके बारीक की तपासणाऱ्याच्या नजरेतही भरत नाहीत. मग मध्यरात्री पोटात दुखू लागलं, तर तिथल्या डॉक्टरांनी ओळखावं कसं? म्हणून माहेरी जाताना शस्त्रक्रियेची फाईल बरोबर न्या. कोणती शस्त्रक्रिया, कधी, कुठं झाली आणि सर्जनचा दूरध्वनी क्रमांक काय, एवढं एका कागदावर लिहून नवऱ्याजवळ आणि आईजवळ द्या. पहिल्या बाळंतपणाला रुग्णालय जवळ नसेल, तर माहेराचा हट्ट सोडून आईलाच चार महिने आपल्या घरी बोलवा.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात सांगते. ही शस्त्रक्रिया झाली म्हणून सिझेरियन करावं लागतं, असं नाही. बाळंतपणानंतर दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या सर्रास देतात. बायपास झालेल्या बाईला त्यांनी व्रण होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना आठवण द्या. अंगावर जरूर पाजा. पण आपल्या ब१२ची औषधं चालू ठेवा, कारण आईच्या अंगात ते नसेल तर दुधात येत नाही, आणि बाळाच्या मेंदूची वाढ अडते. डिंकाचे लाडू पाकातले नकोत. अळिवाची खीर कमी गोड करून, दोन चमचे, चालेल.

आता सूनबाईंचं पुढं काय झालं, हे आपल्याला ऐकायचं असेल. पहिल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. ओकाऱ्यांमुळे गोळ्या तिनं केव्हाच सोडून दिल्या होत्या. ब१ची इंजेक्शनं दिली, ओकाऱ्या आटोक्यात आणल्या, चौथ्या महिन्यात शिरेतून लोह दिलं. सातव्या महिन्यात बाळाची वाढ जरा मागे पडल्याची शंका आली, तेव्हा दर दोन आठवड्यांनी पाहू लागलो. ते पंधरवडे तिनं कसे काढले, ते तीच जाणे. शेवटी अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन २ किलो ४०० ग्रॅम. लहानखुरी, पण रडली ती सगळा वॉर्ड जागा होईल अशी! त्या नऊ महिन्यांत सासूबाईंनी वहीत रोज काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? किती वाजता काय खाल्लं, किती उलटलं, कोणती गोळी पोटात राहिली. अक्षर वेडंवाकडं, पण एक दिवस चुकलेला नाही. माझ्या औषधांइतकंच त्या वहीचं श्रेय आहे.

तेव्हा भगिनींनो, शस्त्रक्रिया झाली असेल तर थांबा, आणि थांबण्याचा पक्का उपाय करा. थांबणं राहून गेलं असेल, तर अपराध्यासारख्या घरात बसू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि ज्या घरात अशी सून किंवा लेक असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती, "आधी का नाही थांबलीस?" हा प्रश्न तिला विचारू नका. "आज काय पोटात राहिलं?" एवढंच विचारा.